खांद्याएवढा कोनाडा

परभणीहून दोन एसट्या बदलून आलो,
पिशवीत अठरा सेन्सर आणि ड्रिल.
गावातलं नवं सेवा केंद्र
'संवादी इमारत' करायचं टेंडर :
माणूस आला की दिवा,
माणूस आला की दार,
माणूस आला की भिंतीतून बाईचा आवाज, सुस्वागतम.

दुपारपर्यंत सगळं चालू झालं.
पहिली आली कुणाची तरी शेळी.
सुस्वागतम.
मग वाऱ्यानं उडत आलेलं खताचं रिकामं पोतं.
सुस्वागतम.
मग सोजरबाई आल्या, उत्पन्नाच्या दाखल्याला.
काचेपुढं उभ्या राहिल्या, मुकाट, हलेनात,
तर दारही हललं नाही.
"कुणाला इचारावं लागतंय का बाबा आधी?"

तीनला लाइट गेली.
दार अर्धं उघडं, भिंत मुकी.
हात काळे झालेले, म्हणून
गावामागच्या बारवेत उतरलो.

पायऱ्या एकसारख्या नव्हत्या.
पाचवी उंच, तिथं मी न सांगता जपून उतरलो.
सातवी मधोमध झिजलेली;
पाऊल बरोबर त्या खळग्यात पडलं,
जणू रोजचंच.
यंदा पाणी किती खाली गेलंय
ते गुडघ्यांनी मोजलं.

वर येताना वळणावर दम लागला
आणि बघतो तर खांद्यावर पिशवी नाही.
भिंतीतल्या कोनाड्यात होती.
कधी ठेवली, ठाऊक नाही.

कोनाडा खांद्याएवढा,
कड घागरींच्या बुडांनी गुळगुळीत.
कुणी पाथरवट असेल, नाव नाही, गाव नाही,
त्यानं छिन्नी लावण्याआधी
भरली घागर घेऊन चढणाऱ्या बाईचा श्वास मोजला होता.
आणि बायका तिथं टेकत राहिल्या,
घासून घासून दगडाला
घागरीचा बाक आला,
तेव्हा कुठं बारव बांधून झाली.
झाली तरी कुठं?
आज माझी पिशवीही घासून गेली तिला.

सेन्सर मी काढले नाहीत. बिल निघायचंय.
फक्त निघताना दाराशेजारी
फळीचा एक तुकडा ठोकला, माझ्या मापानं.
मग सोजरबाई आठवल्या,
उचकटून वीतभर खाली घेतला.

ग्रामसेवक कटारे आले.
"हे काय करायलात? एस्टिमेटमधी नाही हे,"
म्हणता म्हणता
हातातलं हेल्मेट
त्यांनी तिथंच ठेवलं
आणि खिशात चष्मा शोधू लागले.