नमुना क्रमांक ४१७

वडगावात दिवस साड्यांत मोजतात.
"ताप आल्यापासनं दोन साड्या उतरल्या की मागावरनं,
तिसरी अर्धी ऱ्हायली," नीलव्वा सांगते.
मी मनात भागाकार करते. पाच दिवस.

पाच हा अडचणीचा आकडा.
विषाणू रक्तातून निघून चाललेला,
आणि अँटीबॉडी आत्ताशी काठ्या घेऊन धावतायत,
गल्लीतल्या माणसांसारख्या,
कुणाला मारायला निघालो हे त्यांनाही नीट ठाऊक नाही.

प्लेटीत शहाण्णव खळगे.
आधी निळं येतं. आम्ल सोडलं की पिवळं.
चिकुनगुन्याच्या प्लेटीत
नीलव्वाचा खळगा हळदीसारखा पिवळा.
बोटं आखडलीत, तुटला धागा बांधता येत नाही,
तरी ती हसते :
"मरत न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

सुनेचा खळगा डेंगीच्या प्लेटीत,
फिकट. लिंबाच्या सरबताएवढा.
डेंगी असेल.
झिका असेल.
दोघांचा तोंडवळा इतका एक
की अँटीबॉडी चुकून दोघांनाही धरतात.
आणि तिला चौथा महिना.

फॉर्मवर ती भाग्यश्री ढवळी.
कानडीतून फिरून आली की बाग्यश्री दवळि.
आधारवर धवळे.
एका नळीत तीन बायका.
मी झाकणावर लिहिते ४१७,
वाचा कानडीत, वाचा मराठीत,
आणि बर्फात घालून बंगळूरला पाठवते.

तिचा नवरा रोज सांजचं फोन करतो.
मागे माग खडखडत असतो,
त्यामुळे दोघंही ओरडून बोलतो.
"त्यो का ह्यो, मॅडम?"
"अजून आलं नाही!"
इतकं ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे.

शुक्रवारी ती स्वतःच आली.
पदराच्या टोकाला दोन धागे, दोन्ही लाल.
खिडकीजवळ नेऊन मी पाहिले,
चष्मा काढून पाहिले.
एकच लाल.
"दोन लॉटचा हाय," ती म्हणाली,
"विणल्यावर पट्टा उठतोय. मला बोटाला कळतंय.
तुमच्या मशिनला कळत न्हाई काय?"

धागे माझ्या टेबलावर राहिले.
"सोमवारी," मी म्हणाले.
ती बोटांवर मोजत जिना उतरली,
दिवस की साड्या,
मला वरून कळलं नाही.