सोमवारचं धुणं

क्लबचं धुणं माझ्याकडे एकवीस वर्षं.
रविवारी रात्री पिशवी येते,
सोमवारी, उरुग्वे नदीवरचं धुकं विरायच्या आत,
पलीकडचा अर्जेंटिना दिसायच्या आत,
मी ती फरशीवर उलटी करते
आणि सामना वाचते.

गुडघ्यावरचा मळ वेगळा, पाठीवरचा वेगळा.
गोलकीपर फाबिओ तर पेनल्टीचा अख्खा चौकोन
अंगावर घेऊन येतो,
त्याला दोनदा भिजत घालावं लागतं.
आणि नऊ नंबर, गेले सात आठवडे,
कॉलरला केसांच्या क्रीमचा वास,
बाकी जसा इस्त्री करून दिला तसा.
नऊ नंबर म्हणजे मायकोल.
मायकोल म्हणजे अध्यक्षांचा जावई.

नऊ सामने हरलो. दोन बरोबरीत,
त्यातला एक विजांमुळे अर्धवट राहिलेला.
आता गाव हात धुऊन एचेवेरीच्या मागे लागलंय.
बेकरीत तेच, पेट्रोल पंपावर तेच.
कसाई ओमर सुरा पुसत म्हणतो, मॅनेजर बदला,
नाहीतर खालच्या डिव्हिजनमध्ये गुरं हाकू.
पोरांनी त्याच्या मोपेडच्या सीटवर
खडूने शून्य काढलं.
त्याने पुसलं नाही. त्यावरच बसून घरी गेला.

मला तो आवडतो, लपवू कशाला.
पिशवी स्वतः आणतो, दारात उभ्याने माते पितो,
माझ्या खांद्याचं विचारतो
आणि उत्तर ऐकायला थांबतो.
आधीचे सहा जण हॉर्न वाजवून पिशवी फेकून जायचे.
(त्यातल्याच एकाने आम्हाला वर चढवलं होतं. हेही खरं.)

मागच्या सोमवारी पिशवीत त्याचं जॅकेट आलं.
खिसे तपासायचे राहिले.
मशीनमधून निघाला कागदाचा गोळा.
खिडकीच्या काचेवर चिकटवून हळूहळू सोडवला:
सात कागद, सात रविवारांचे संघ, पेन्सिलने.
प्रत्येकावर नऊच्या पुढे आधी वेगळंच नाव,
होडीवाल्या बास्केसचा पोरगा, सतरा वर्षांचा.
मग ते खोडलेलं, कागद फाटेपर्यंत.
मग मायकोल.
सातही वेळा.

बुधवारी बोचासच्या शेडमध्ये सभा.
सभासद क्रमांक दोनशे चौदा, मलाही मत आहे.
अध्यक्ष म्हणाले, क्लब कुणा एकाचा नसतो.
सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.
खापर फोडायला डोकं लागतं,
आणि एचेवेरीचं टक्कल माझ्या पुढच्याच बाकावर
ट्यूबलाइटखाली तयार होतं.

कागद माझ्या पर्समध्ये, वाळून पापडासारखे.
काढले तर जावई उघडा पडेल.
आणि एचेवेरीही:
सात वेळा ज्याला उत्तर येत होतं
आणि सात वेळा ज्याने चूक लिहिलं.
त्याला ठेवा म्हणू?
बायकोची औषधं, भाड्याचं घर, मला सगळं माहीत आहे.
पण बास्केसच्या पोराचा एकोणीस नंबरही
माझ्याकडेच येतो धुवायला.
तोही मळलेला नसतो.
नुसता घामाने चिंब,
रेषेबाहेर धावून धावून.

"बदलायच्या बाजूने कोण?"
हात वर जायला लागले, आधी पुढचे, मग बघून बघून मागचे.
एचेवेरी मागे वळला.
"नेलिदा, जॅकेट वाळलं का?"
"वाळलं."
"खिशात काही होतं?"
"होतं," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही. पुन्हा पुढे वळलाही नाही.

अध्यक्ष बोटाने हात मोजत होते,
अठरा, एकोणीस,
आणि माझ्या पर्सची चेन
नेहमीसारखी मध्येच अडकली.