चलनावरचा फोटो

मोबाईल वाजला तेव्हा मी काजा-बटणाच्या टेबलावर होते,
शाळेच्या निळ्या शर्टांचा ढीग अजून कमरेएवढा.
चलन. दंड पाचशे. थांबारेषा ओलांडली.
अशोक चौक, सकाळी नऊ बेचाळीस.
खाली फोटो.

पद्माक्का वाकून म्हणाल्या, छान आलाय की,
स्थळांना हाच पाठव.
आठवडाभर कारखान्यात हेच चाललेलं:
हेल्मेटला किती, उलट्या बाजूला किती,
आता म्हणे सायकलवाल्यालाही सोडत नाहीत,
मागे लाल काच नसेल तर दोनशे.
मी हसले, बोटांनी फोटो मोठा केला,
चाक पट्ट्यावर खरंच गेलंय का बघायला.

गेलं होतं. वीतभर.

आणि कोपऱ्यात, कडेला अर्धा कापलेला,
उलट्या बाजूने येणारा एक सायकलवाला.
कॅरिअरवर टॉवेलांचा गठ्ठा, सुतळीनं आवळलेला,
हँडलवर आणखी चार, घडी मोडून,
गिऱ्हाइकाला दिसावेत असे.
विजारीच्या पायाला कपड्यांचा चिमटा.

हिरवा. आमच्या दोरीवरचा.

नऊ बेचाळीसला नायना मागावर असतात.
पहिली पाळी, सात ते तीन.
डबा रोज जातो, रोज रिकामा येतो.
रात्री म्हणतात, कानात अजून खटखट आहे,
आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.
दिवाळीपासून त्यांच्या केसांत सुताची पिंज नव्हती.
मला दिसलं होतं ते.
मी म्हणाले होते, हल्ली केस छान राहतात तुमचे.

पाचशे भरले.
तक्रार नोंदवा असंही एक बटण होतं.
येताना इरफानभाईंच्या दुकानातून
लाल रिफ्लेक्टर घेतला, साठ रुपये, एक नट जादा,
आणि सगळे झोपल्यावर
बॅटरी तोंडात धरून मडगार्डला बसवला.

सकाळी नायना सायकलपाशी थांबले.
अंगठ्यानं काच पुसली. स्वच्छच होती.
"हे कशाला गं?"
"नवीन नियम आलाय. सायकललासुद्धा.
लांबून दिसायला पाहिजे म्हणे माणूस."

ते काही बोलले नाहीत.
डबा अडकवला, चिमटा लावला.
गल्लीच्या तोंडाशी डावीकडे कारखाना, उजवीकडे स्टँड.
माझ्यादेखत ते डावीकडे वळले,
रोजच्यासारखे.

मी गाडी लगेच काढली नाही.
वळसा घालून त्यांना परत यायला लागेल तेवढा वेळ
हेल्मेटचा पट्टा
लावत, सोडत, लावत बसले.