कलम सात

हुकूम हिंदीत निघतो.
मी तो मनातल्या मनात मराठीत वाचते,
लष्करात राहणाऱ्या आमच्या चार पिढ्यांची खोड:
सूर्योदयापूर्वी यंत्र सुरू करू नये,
सूर्यास्तानंतर चालू ठेवू नये.
सुरुंग दुपारी एक ते तीन,
आधी तीनदा भोंगा.
खाली सही साहेबांची,
नकाशावरच्या रेघा माझ्या.

तक्रार आली पिपरेटाहून
शाळेच्या वहीच्या पानावर, अंगठ्यासकट:
रात्रभर गिट्टीची मशीन चालते,
भांडी फळीवरून चालत येतात.
"चालत येतात"च्या खाली
आमच्याच ऑफिसात कुणीतरी लाल रेघ मारलेली,
बहुतेक हसत हसत.

जानेवारीत गेले.
ग्वाल्हेरचं धुकं जीपच्या काचेला लागून,
ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून रस्ता विचारतोय
रस्त्यालाच.
पोचलो तर मशीन केव्हाची सुरू.
मुनीमजी मफलरमधून म्हणाले, सूर्य उगवला की मॅडम,
आणि गल्ल्यातून पंचांग काढलं, उज्जैनचं:
सात वाजून सहा मिनिटं.
मी वर पाहिलं. पांढरं.
समोर पाहिलं. पांढरं.
पंचांगावर बोट तेवढं स्पष्ट दिसत होतं,
मुनीमजींचं.

दुपारी उतरले खाली, टेप धरून.
नव्वद फूट. थर मोजत.
पिवळा दगड, मग तांबूस, मग ज्याला रंगच नाही असा.
तीन चाळीसला ऊन माझ्या चपलांवरून उठलं
आणि भिंत चढू लागलं.
हरविलास छिन्नी मांडीत धरून बिडी शोधत होता.
विचारलं, सूर्यास्त किती वाजता होतो इथे?
"कौन सो? हमाओ, कै ऊपर वारन को?"
आमचा, की वरच्यांचा.
बिडी सापडली त्याला. पेटवली.
वर, काठावर,
अजून लख्ख दुपार उभी होती
कमरेवर हात ठेवून.

अंगठा कस्तुरीचा होता.
तिने फळी दाखवली, काठाला लावलेली सुतळी,
आणि सुतळीला अडून राहिलेला पितळी गडवा.
पोर तिचं रात्री झोपत नाही,
झोपतं ते भोंग्याच्या वेळेला.
शेजारची भूरी दारातूनच बोलली:
रात्र बंद करू नका हो बाई,
रात्रीची हजेरी दीडपट,
त्या अर्ध्यावर मुलीची अकरावी चाललीय मुरारला.
भिंत दोघींची एकच.
तडा एकच, इकडून कस्तुरीचा,
तिकडून भूरीचा.
मी त्यात पट्टी घातली. चार मिलिमीटर.
कोणाच्या नावावर लिहू,
हे रकान्यात विचारलेलं नव्हतं.

परतल्यावर फाइलच्या समासात लिहिलं,
पेन्सिलीने, खोडता यावं म्हणून:
सूर्यास्त कुठून पाहिलेला धरावा?
काठावरून की तळातून?
तळातून धरला तर
हरविलासचा दिवस चारच्या आत संपतो,
आणि मजुरीचं काय, तेही ठरवावं लागेल.
नऊ दिवसांनी फाइल खाली आली.
पेन्सिल तशीच.
शेजारी हिरव्या शाईत:
चर्चा करावी.

आता मार्च आहे.
कुणी कुणाशी, ते लिहिलेलं नाही.
मुनीमजींकडे नवीन पंचांग आलं असेल,
संवत बदलतो या महिन्यात.

पिपरेटा इथून सव्वीस किलोमीटर.
एवढ्या लांब काही ऐकू येत नाही,
येणं शक्यच नाही, मी अंतर मोजलंय.
तरी रात्री ओटा पुसून झाला
की कपबश्या फळीवर
एक बोटभर आत सारते.