सांगता येत नाही

पहिल्या दिवशी मी फार बोलले.
कागदावर मेंदू काढला, अक्रोडासारखा,
डाव्या बाजूला पेनने गोल केला
आणि म्हटलं, शब्द इथे राहतात.
शकुबाईंनी कागदाच्या चार घड्या घातल्या,
पर्समध्ये रिक्षाच्या सुट्ट्या पैशांजवळ ठेवल्या
आणि विचारलं, "मग बोलतील कधी?"

मिलिंदला टक्के हवे होते.
पुण्याहून फोन, स्पीकरवर, मागे लिफ्टची घंटी:
"मॅडम, साठ? सत्तर? अंदाजे तरी."
मी म्हटलं, "सांगता येत नाही."
खुर्चीतल्या गांगुर्डेकाकांनी मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
परमुलखात कुणी आपल्या गावचं निघावं तसं.

तेहतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, नाशिकरोडला.
ताव तपासायचे. शाई फुटली, रेघ सरकली
की बाजूला काढायचं आणि म्हणायचं, रद्द.
झटक्यानंतर जिभेवर तेवढंच उरलं.
कप दाखवला. रद्द.
चप्पल. रद्द.
नातीचा फोटो. रद्द.
सून जिन्यात जाऊन रडली.
मी फाइलमध्ये लिहिलं: एकाच शब्दाची पुनरावृत्ती.

घरच्यांना मी सांगते ते ठरलेलं असतं.
टीव्ही बंद ठेवा. एका वेळी एकानेच बोला.
ओरडू नका, कान शाबूत आहेत.
त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका,
थांबा, अगदी अवघड वाटेपर्यंत थांबा.
'पूर्वीसारखे' हा शब्द मात्र मी उच्चारत नाही.
तो तेच घेऊन येतात, दर वेळी,
आणि टेबलावर ठेवून जातात.

तिसऱ्या आठवड्यात शकुबाई म्हणाल्या,
"ताई, तुम्ही शब्द ऐकता. मी सूर ऐकते.
लांबट रद्द म्हणजे पाणी.
तुटकं म्हणजे लुंगी ओली झाली, लाज वाटते.
आणि माझी भाजी खाऊन म्हणतात ना,
ते बेचाळीस वर्षं म्हणतातच आहेत."
मी वही उलटी केली
आणि मागच्या पानापासून लिहायला घेतलं.

मार्चमधली दुपार. जेलरोडवर रसवंतीची घुंगरं.
मी कार्ड पुढे सरकवलं: किटली.
डाव्या हाताने उचलून त्यांनी उजेडाकडे धरलं,
कडेवरून अंगठा फिरवला.
"रद्द."
मी पुढचं कार्ड काढणार, तर माझं मनगट धरलं.
पुन्हा अंगठा, त्याच जागी.
झेरॉक्समध्ये किटलीची तोटी कापली गेली होती.
चार वर्षं मी तीच किटली दाखवत होते,
कुणाकुणाला,
आणि ओळखली नाही की शून्य मांडत होते.

रात्री मिलिंदचा फोन. "काही फरक?"
मी किटलीचं सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग हळूच, सवयीने, "म्हणजे किती टक्के?"
"सांगता येत नाही," मी म्हटलं,
पण या खेपेस तिथेच थांबले नाही.
शनिवारी ये. त्यांच्यासमोर बस,
फोन बाहेर ठेवून.
खिशातली एक नोट दे त्यांच्या डाव्या हातात,
कुठलीही, चुरगळलेली चालेल.
आणि त्यांची तपासून होईपर्यंत
तू काही बोलू नकोस.