कोरा रकाना

सर्जेकोटच्या जेटीपाशी, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
सोसायटीचं ऑफिस. खाली दिवसभर लाद्या फोडण्याचा आवाज,
वर मी, लॅपटॉपच्या कळांत खारी ओल,
आणि शालन तांडेलची लाल कापडी बांधणीची वही
जी मला प्रोग्राममध्ये उतरवायची आहे.

वहीत 'काही नाही' लिहायच्या चार तऱ्हा.
शून्य: होडी आली, मासळी नाही.
आडवी रेघ: आज गेलीच नाही, इंजिन उघडून ठेवलंय.
कोरी जागा: गेलीय. अजून कळायचं आहे.
आणि चौथी, जिचं नावच वहीत नाही,
परक्या बंदराची, वाऱ्याने आत आणलेली.

माझ्या भाषेत टाइपऑफ म्हणून विचारायचं,
तुझी जात कोणती; म्हणजे बांगडा की तारली, एवढंच.
कोऱ्या जागेला ती म्हणते अनडिफाइन्ड.
जिची नोंदच कुठे नाही तिलाही
न रागावता म्हणते अनडिफाइन्ड.
तेच नाव मी नुसतं उच्चारलं असतं
तर सगळा प्रोग्राम आडवा झाला असता.

आडव्या रेघेला मात्र, नलला, म्हणते ऑब्जेक्ट.
वस्तू!
अगदी पहिल्या दिवसांतली चूक ही, सगळ्यांना ठाऊक.
जेटीची तिसरी पायरी अशीच चार बोटं उंच बसलीय.
डोक्यावर पाटी असलेल्या बायकांचे पाय
अंधारातही तिथे आपोआप उचलतात.
आता नीट केली
तर सगळं गाव तोंडावर पडेल.

मी लिहिलं होतं: मासळी नसेल तर समज, होडी आली नाही.
त्या एका 'नसेल'मध्ये
शून्य गेलं, रेघ गेली, कोरी जागा गेली,
एकाच टोपलीत मांदेली, शेवाळ आणि प्लास्टिक.
पहिल्याच बुधवारी 'भाग्यवंती' रिकामी आली.
सुकांत खवळे धक्क्यावर जाळं झटकत होता
आणि त्याच्या घरी मोबाइलवर माझा मेसेज:
आपली होडी बंदरात पोचलेली नाही.
यमुना आली ती अनवाणी, हाताला तांदळाचं पीठ.
त्याला पाहिलं, आधी एक सणसणीत शिवी हासडली,
मग तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून राहिली.

शालन मला बोलली नाही.
वहीतल्या त्या शून्यावर बोट ठेवून म्हणाली,
"गो, शून्य म्हणजे इलो.
रिकाम्या हातान इलो, पण इलो."

रात्री बसून मी बरोबरच्या दोन रेघांना तिसरी जोडली.
दोन रेघांना नल काय, अनडिफाइन्ड काय, सारखंच;
तिसरी म्हणते, थांब, तोंड बघ आधी.
रकाना आहे का. भरलाय का. मग किती.
हे मला समजायला तीन दिवस लागले,
शालन ते पेन कानामागे ठेवून करते.

एक गोष्ट राहिलीय.
जुन्या वह्या भरताना अकरा वर्षांमागचं पान लागलं.
'जलकन्या', तांडेल, पुढे कोरं.
दुसऱ्या दिवशी कोरं. वही संपेपर्यंत कोरं,
आणि नव्या वहीतही नाव पहिल्या पानावर, पुढे कोरं.
मी विचारलं, इथे रेघ मारू?
ती वजनाच्या चिठ्ठ्या सुईत ओवत राहिली.
कोरेपण भाषा आपणहून देते,
नल मात्र कुणीतरी हाताने लिहावं लागतं.

मी प्रोग्रामला सांगितलंय, ती ओळ वाच,
जात विचार, जे उत्तर येईल ते राहू दे,
पदरची किंमत घालू नको.

सव्वासात. छत्तीस होड्यांपुढे आकडे आले.
सदतिसावीचं इंजिन ऐकू येतंय
की खालचं बर्फाचं यंत्र, कळत नाही.
माझं बोट कळीवर.
शालन खिडकीतूनच म्हणते,
"थांब. इतक्यात काय भरू नको."