उलीसं

आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं,
काठालाच, दोर न सोडता.
मार्गशीर्षात तेल काकवीसारखं धरून बसतं,
उलीशी ऊब लागली की सुटतं.
फार तापलं तर हात सोलून निघतो.
माझ्या मनगटावर आहे तो डाग.
पैठणच्या डॉक्टरनं विचारलं, तवा लागला का?
मी हो म्हणालो.

मग बंद.
बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर पाणकावळा,
तो तेवढा बघतो.

ट्रकखाली उताणा झोपून बोल्ट सोडणारा
इथं काय कामाचा?
लाँचला खाली जागाच नसते,
खाली लगेच नाथसागर.
तेल वरूनच ओढायचं, डिपस्टिकच्या नळीतून,
पितळी पिचकारीनं, बावीस वेळा.
मी मोजतो. एकवीसला कधी थांबलो नाही.

फिल्टर आडवा, इंजिन आणि फळीच्या बेचक्यात.
ज्यानं कुणी तो असा बसवला
त्याला एकदा इथं वाकवायला पाहिजे.
खैरुद्दीन मिस्त्री म्हणायचे,
कामून घाई करतो?
वरच्या अंगाला खिळ्यानं भोक पाड,
हवा आत जाऊ दे,
तेल आपलं आपण मागं सरतं.
सरेपर्यंत बिडी ओढ.
मी बिडी ओढत नाही. बसून राहतो.

मग पिशवी. बस्त्याची, जाड,
वर गणपती आणि दुकानाचा फोन नंबर.
फिल्टरला अशी चढवायची
जशी बैलाला मुस्की.
खाली भाचीचं डायपर.
बहिणीकडं एक मागितलं, तिनं दोन दिले,
कशाला म्हणून विचारलं नाही.
सायकलची चेन गुंडाळून एक हिसका,
पुढं सगळं बोटांनी, पिशवीच्या आतच,
आंधळ्यासारखं.

आता खरं काम.
जुनं वायसर.
ते फिल्टरबरोबर यायला पाहिजे.
नाही आलं तर इंजिनाला चिकटून बसतं,
काळ्यावर काळं, दिसत नाही.

त्या वर्षी नाही आलं.
मी नवं त्याच्यावरच आवळलं
आणि भर धरणात दोन्ही वायसरांनी हात सोडले.
तळाला सगळं तेल.
आणि मी काय केलं,
डबडं घेतलं, उपसलं, बाहेर टाकलं.
आत आलं की बाहेर टाकायचं,
बापानं पहिलं हेच तर शिकवलेलं.

तवंग पसरत गेला.
दिसायला चांगला होता, हेच वाईट.
लाँचमध्ये एक गुरुजी, दोन शेळ्या,
आणि सोजरबाई,
जी दर फेरीला मध्यावर आली की
काठावरून वाकून ओंजळभर पाणी प्यायची,
शहर पितं तेच, पण नळाच्या आधी.
त्या दिवशीही वाकली.
हात नाकाशी नेला.
पदराला पुसला.
गुरुजी बोलले, पुष्कळ बोलले.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी घरून बाटली आणली.

म्हणून आता बोट तीनदा फिरवतो,
एकदा वायसरसाठी, एकदा खात्रीसाठी,
तिसऱ्यांदा का ते सांगता येत नाही.
नव्या रबराला नवं तेल, उलीसं,
ओठाला साय लावावी तेवढं.
हातानं टेकेपर्यंत, मग पाऊण फेरा.
पान्याला हात लावायचा नाही.
तेल भरायचं, इंजिन चालू करायचं,
खालून बोट फिरवायचं.
कोरडं.
फिल्टरवर खडूनं तारीख.
पिशवीला गाठ, जुनं तेल कॅनमध्ये,
दोन्ही मिस्त्रींच्या दुकानी, त्यांच्या पोराकडं.
डबडं मी आता लाँचवर ठेवतच नाही.
पाणी आलं तर?
स्पंज आहे, बादली आहे. बघून टाकतो.

सोजरबाई अजून बाटली आणते.
परवा टोपण निघेना तिला,
बोटं वाकडी झालीत थंडीनं.
माझ्याकडं धरली, न बघता.

मी आधी हात हुंगला.
मग उघडून दिली.